पेशीबाह्य पुटिकांतील आरएनए जन्मजात प्रतिकारशक्तीला जागे करतो, ते नेमके कुठे आणि कसे?

सदाफुली:

नमस्कार मंडळी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रातील सेमिनारसाठी मी पेशीबाह्य पुटिकांमधील आरएनए व जन्मजात प्रतिकारशक्ती (संकटाला लगेच उत्तर देणारी शरीराची पहिली फळी) हा विषय निवडला आहे. वाचन बरेच झाले, परंतु तीन ठिकाणी अडले आहे.

पेशी अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात, त्यांपैकी एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे असतात, आणि २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील गटाने उंदराच्या मास्ट पेशींच्या एक्झोसोममधील आरएनए मानवी मास्ट पेशींत पोहोचून त्यापासून उंदराची प्रथिने तयार होतात असे दाखवले, इथवर मला अडचण नाही. आरएनए ओळखणारे रिसेप्टर (खूण पकडणारी प्रथिने) मला माहीत आहेत: टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर) गटातील टीएलआर-३, टीएलआर-७ आणि टीएलआर-८ हे एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीने गिळलेला माल ठेवणाऱ्या पटलवेष्टित कप्प्यात, तर रिग-आय आणि एमडीए-५ हे सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतील द्रवात.

पहिली अडचण अशी की पुटिकेतील आरएनए मुळात एका पटलाच्या आत असतो आणि ती पुटिका गिळली गेल्यावर पेशीच्या एंडोसोममध्ये, म्हणजे आणखी एका पटलाच्या आत जाते. मग तो आरएनए रिसेप्टरला भेटतो तरी कसा? दुसरी अशी की निरोगी माणसाच्या रक्तात अशा पुटिका सदैव असतात आणि त्यांतील आरएनए आपलाच असतो. तरीही आपल्याला कायमचा दाह होत नाही, ते का? तिसरी अडचण अशी की काही लेखांत एखादा मायक्रोआरएनए (जनुकांचे काम आवरणारा आखूड आरएनए) टीएलआर-८ ला चिकटून दाह वाढवतो असे लिहिले आहे, तर काही लेखांत तोच मायक्रोआरएनए जनुके दडपतो असे म्हटले आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा समजून घ्याव्यात?

मार्गदर्शकांनी दहा उदाहरणांची यादी करण्यापेक्षा एकच उदाहरण खोलात जाऊन मांडायला सांगितले आहे. ते कोणते निवडावे, यावरही आपले मत हवे आहे.

पेशीवाचक:

सदाफुली, तुमचा पहिला प्रश्न बहुतेक समीक्षालेखांत एका आकृतीवर भागवला जातो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

टीएलआर-३, ७ आणि ८ यांचा आरएनए ओळखणारा भाग एंडोसोमच्या आतल्या पोकळीकडे तोंड करून असतो. त्यामुळे या रिसेप्टरांना भेटण्यासाठी पुटिकेतील आरएनएला सायटोप्लाझमपर्यंत जाण्याची गरजच नसते. पाकिटात पाकीट घालून पाठवावे आणि बाहेरच्या पाकिटाच्या आतच आतले पाकीट फुटावे, तसे हे घडते: एंडोसोम आम्लधर्मी होत लायसोसोम या पचन-कप्प्याकडे सरकतो, तेथील विकरे पुटिकेचे पटल आणि प्रथिने मोडतात, आणि मोकळा झालेला आरएनए थेट रिसेप्टरच्या दारात येऊन पडतो. रिग-आय आणि एमडीए-५ यांचे तसे नाही. तेथे पोहोचायचे तर पुटिकेच्या पटलाचे एंडोसोमच्या पटलाशी मीलन होऊन आतील माल सायटोप्लाझममध्ये सांडावा लागतो, आणि हे पहिल्या प्रकाराइतके सहज घडत नाही. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना हा परिणाम एंडोसोममधला आहे की सायटोप्लाझममधला, हे आधी विचारावे. निम्मा गोंधळ तेथेच मिटतो आणि तुमची तिसरी अडचणही सुटते. टीएलआर-८ ला चिकटण्यासाठी मायक्रोआरएनए एंडोसोममध्ये असावा लागतो, तर जनुक दडपण्यासाठी तोच रेणू सायटोप्लाझममध्ये आर्गोनॉट प्रथिनासोबत असावा लागतो. रेणू एकच असला तरी पोहोचण्याच्या जागा दोन आहेत, आणि एकाच पेशीत दोन्ही गोष्टी घडू शकतात.

पहिल्या प्रकाराचे बहुतेकदा उद्धृत होणारे काम २०१२ मधील फाब्री आणि सहकाऱ्यांचे आहे. फुप्फुसाच्या कर्करोगपेशींच्या एक्झोसोममधील मिआर-२१ आणि मिआर-२९ए हे मायक्रोआरएनए मानवी पेशींत टीएलआर-८ ला, तर उंदरांत टीएलआर-७ ला बांधले जातात आणि टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचे स्रवण वाढते, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी ड्रूक्स आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस सी विषाणूबाबत दाखवलेली गोष्ट मला अधिक स्वच्छ वाटते. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी या प्रतिकारपेशींना या विषाणूची उत्पादक (नवे विषाणू तयार होणारी) लागण होत नाही. तरीही लागण झालेल्या यकृतपेशींच्या एक्झोसोममधून विषाणूचा आरएनए त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि टीएलआर-७ मार्फत इंटरफेरॉन-अल्फा या विषाणूविरोधी संकेत-प्रथिनाची निर्मिती सुरू होते. ज्या पेशीत विषाणूला शिरकाव नाही तिलाही शेजारी संकट आल्याची वर्दी या मार्गाने मिळते, आणि पुटिकांना या साखळीत काम तरी काय, याचे उत्तर या उदाहरणात सापडते.

आता स्वतःच्या आरएनएचा प्रश्न. एक संरक्षण जागेचे आहे: हे टीएलआर यूएनसी९३बी१ या प्रथिनाच्या मदतीने एंडोसोमपर्यंत नेले जातात आणि पेशीच्या पृष्ठभागावर ते सहसा ठेवले जात नाहीत, त्यामुळे बाहेर भटकणारा आरएनए सहजासहजी त्यांच्या हाती लागत नाही. दुसरे संरक्षण रासायनिक आहे. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले की आरएनएमध्ये स्यूडोयुरिडिनसारखी बदललेली न्यूक्लिओसाइड (आरएनएचे घटक) असतील तर टीएलआरचा प्रतिसाद मंदावतो. जिवाणूंच्या आरएनएमध्ये असे बदल थोडे, सस्तन प्राण्यांच्या आरएनएमध्ये पुष्कळ, आणि आपल्याच मायटोकाँड्रियांच्या आरएनएमध्ये पुन्हा थोडे. (पुढे एमआरएनए लसींचा पाया ठरलेले आणि २०२३ च्या नोबेलपर्यंत पोहोचलेले हेच ते काम. लशीची बातमी सर्वांनी वाचली, मूळ प्रश्न मात्र तुमचाच होता.)

तिसरे संरक्षण आवरणाचे आहे, आणि तुमच्या सेमिनारसाठी मी सुचवतो ते उदाहरण त्याविषयीच आहे. आरएन७एसएल१ हा पेशीत विपुल असणारा आरएनए प्रथिनांना योग्य ठिकाणी नेणाऱ्या सिग्नल रेकग्निशन पार्टिकलचा कणा असतो. तो आरएनए पॉलिमरेझ-३ कडून लिहिला जातो, म्हणून त्याच्या ५' टोकाला तीन फॉस्फेट असतात, आणि रिग-आय नेमके तेच शोधत असते. एरवी एसआरपी९ आणि एसआरपी१४ ही प्रथिने त्याला झाकून ठेवतात. २०१७ मध्ये नाबेट आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये असे मांडले की स्तनाच्या कर्करोगपेशी शेजारच्या फायब्रोब्लास्टना (ऊतींचा आधार बनवणाऱ्या पेशींना) चेतवतात, फायब्रोब्लास्टमध्ये नॉच-१ आणि मिक या प्रथिनांच्या मार्गाने पॉलिमरेझ-३ चे काम वाढते, आरएन७एसएल१ इतका तयार होतो की झाकणारी प्रथिने अपुरी पडतात, आणि हा उघडा आरएनए एक्झोसोममधून कर्करोगपेशींत परत जाऊन तेथील रिग-आयला जागे करतो. परिणामी विषाणूची लागण झाल्यासारखा प्रतिसाद उमटतो, गाठीची वाढ आणि प्रसार बळावतो, आणि उपचारांना प्रतिरोध निर्माण होतो.

या उदाहरणात आरएनएचा क्रम जराही बदललेला नाही. बदलले आहे ते केवळ त्याचे आवरण. तो ‘आपला’ आहे की ‘परका’, हा प्रश्न पेशी विचारतच नाही. तो उघडा आहे का आणि नको त्या जागी आहे का, एवढेच ती पाहते. सेमिनारचा सांगाडा यावर उभा करा, असे मी सुचवीन.

अपकेंद्री:

वरील मांडणी सुरेख आहे, पण सेमिनारमध्ये परीक्षक विचारतील ते प्रश्न वेगळे असतील. मी अनेक वर्षे पुटिका वेगळ्या करण्याच्या कामात आहे, त्यामुळे माझा सूर थोडा कोरडा लागेल.

पहिला प्रश्न मात्रेचा. २०१४ मध्ये शेव्हिए आणि सहकाऱ्यांनी एक्झोसोमची संख्या आणि त्यांतील मायक्रोआरएनएच्या प्रतींची संख्या दोन्ही मोजून गुणोत्तर काढले. विपुल समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीही एक प्रत सापडण्यासाठी सरासरी शंभराहून अधिक एक्झोसोम पाहावे लागतील, असे निघाले. अशा स्थितीत एका पेशीने काही पुटिका गिळल्या आणि एका मायक्रोआरएनएने तिचा स्वभाव बदलला, हे विधान पचवायला जड आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. रक्तद्रवातील मायक्रोआरएनएचा मोठा भाग पुटिकांत नसतोच. तो आर्गोनॉट-२ प्रथिनाशी बांधलेला असतो, हे २०११ मध्ये अरोयो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. १,००,००० जी एवढ्या वेगाने अपकेंद्रण केले की पुटिकांबरोबर प्रथिनांचे गठ्ठेही तळाला बसतात, आणि मग त्या गाळातील सगळा आरएनए ‘एक्झोसोमचा’ म्हणून छापला जातो. यावर उपाय अवघड नाही. गाळाचे भाग करून एकावर केवळ आरएनेज (आरएनए तोडणारे विकर) वापरावे, दुसऱ्यावर आधी प्रोटीनेज (प्रथिने तोडणारे विकर) आणि मग आरएनेज, तिसऱ्यावर पटल फोडणारा डिटर्जंट घालून मग ही दोन्ही. आरएनए खरोखर पुटिकेच्या आत असेल तर तो पहिल्या दोन्हींत टिकतो आणि तिसऱ्यात नष्ट होतो. एवढी तपासणी नसलेला निबंध मी बाजूला ठेवतो. पेशीबाह्य पुटिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा तपासण्यांवर भर आहे, पण सूचना वाचणे आणि पाळणे यांत अंतर पडते.

तिसरा प्रश्न भेसळीचा, आणि जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात तो सर्वांत घातक. जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचा (त्यांच्या बाह्यपटलातील दाहकारक पदार्थाचा) अंश जरी नमुन्यात असला तरी टीएलआर-४ जागा होतो आणि टीएनएफ-अल्फा वाढतो. लेखक मात्र ते श्रेय आरएनएला देऊन मोकळे होतात. पेशी वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोवंशीय सीरममध्येही पुटिका आणि आरएनए असतात, आणि गाय व माणूस यांच्या अनेक मायक्रोआरएनएंचा क्रम तंतोतंत सारखा आहे. क्रमावरून ते वेगळे ओळखताही येत नाहीत.

तेव्हा सदाफुली, उदाहरण कोणतेही घ्या, पण पुटिकेतील आरएनएमुळे परिणाम झाला हे लेखकांनी सिद्ध कसे केले, यासाठी एक संपूर्ण स्लाइड राखून ठेवा.

पेशीवाचक:

अपकेंद्री यांचा मात्रेचा आक्षेप जनुक दडपण्याच्या दाव्यावर पूर्ण वजनाने पडतो, टीएलआरच्या दाव्यावर मात्र तितका नाही, असे मला वाटते. जनुक दडपायला विशिष्ट क्रमाचा अखंड मायक्रोआरएनए आणि तोही पुरेशा संख्येने लागतो. टीएलआर-८ ची गोष्ट निराळी आहे. जपानमधील गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संरचनेत असे दिसले की हा रिसेप्टर एका जागी सुटे युरिडिन हे न्यूक्लिओसाइड आणि दुसऱ्या जागी आरएनएचा अगदी आखूड तुकडा बांधतो, म्हणजे तो ओळखतो ते आरएनए मोडल्यानंतरचे अवशेष. एंडोलायसोसोममधील आरएनेज-टी२ आणि आरएनेज-२ ही विकरे हे तुकडे तयार करून देतात, हेही त्यानंतरच्या कामांतून पुढे आले आहे. टीएलआर-७ चेही साधारण तसेच आहे. तेथे सुट्या युरिडिनऐवजी ग्वानोसिन महत्त्वाचे.

असे असेल तर एका मायक्रोआरएनएच्या प्रती मोजण्याला या संदर्भात फारसा अर्थ उरत नाही. पुटिकांतील वाय-आरएनएचे तुकडे, टीआरएनएचे तुकडे, राइबोसोमचा आरएनए असा सगळाच माल एकत्र धरून एंडोसोममध्ये किती युरिडिन आणि ग्वानोसिन साचले, हे पाहावे लागेल. आणि मग मिआर-२१ चेच नाव घेऊन केलेले दावे वेगळ्या कारणासाठी दुबळे ठरतात: परिणाम खरा असू शकतो, पण त्याचे श्रेय एकाच रेणूला देणे घाईचे आहे.

हा उंबरठा किती नाजूक आहे, याचे मानवी उदाहरणही उपलब्ध आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असलेल्या एका मुलीतील टीएलआर-७ चे एकाच अमिनो आम्लाचे उत्परिवर्तन वर्णन केले गेले; त्यामुळे रिसेप्टर ग्वानोसिनला अधिक संवेदनशील होतो, आणि हाच बदल उंदरांत घडवल्यावर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. शरीरातील आरएनए पूर्वीचाच होता, फक्त उंबरठा खाली आला.

अपकेंद्री:

तुकड्यांचा मुद्दा मान्य आहे, पण तो दुधारी आहे. आरएनएचे अवशेषच पुरेसे असतील, तर ते मेलेल्या पेशींच्या कचऱ्यातूनही मिळतात, आणि मरणाऱ्या पेशी गिळणे हे तर महाभक्षक पेशींचे रोजचे काम आहे. मग पुटिकांचे वेगळेपण कशात? रिग-आयचा मार्ग असेल तरच पुटिकेला पर्याय उरत नाही, कारण सायटोप्लाझमपर्यंत आरएनए अखंड नेणारे दुसरे साधन त्या पेशीजवळ सहसा नसते. म्हणून आरएन७एसएल१ ची शिफारस मलाही पटते, जरी आपल्या दोघांची कारणे वेगळी असली तरी.

छातीचा_डॉक्टर:

मी संशोधक नाही; क्षयरुग्णांवर उपचार करतो आणि या विषयावरील वाचन आवडीने करतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांनी क्षयाचे उदाहरणही विचारात घ्यावे असे वाटते.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील चेंग आणि शोरी यांनी असे दाखवले की क्षयाच्या जिवाणूने ग्रस्त महाभक्षक पेशी ज्या पुटिका सोडतात त्यांत जिवाणूचाही आरएनए असतो, आणि तो तेथे पोहोचण्यासाठी जिवाणूच्या सेकए२ या स्रावयंत्रणेची गरज असते. दुसऱ्या महाभक्षक पेशींनी या पुटिका घेतल्यावर त्यांच्यात रिग-आय आणि त्याचा संदेश पुढे नेणारे माव्ह्स प्रथिन यांच्या मार्गाने इंटरफेरॉन-बीटा तयार होतो, आणि जिवाणू मारण्याची त्या पेशींची क्षमता वाढते. उंदरांना मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर अशा पुटिका दिल्यावर केवळ औषध दिलेल्या उंदरांपेक्षा जिवाणूंची संख्या अधिक घटली. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे आम्ही औषधप्रतिरोधी क्षयात नेहमी वापरत असल्याने ही जोडी माझ्या विशेष लक्षात राहिली.

मला खटकते ते निराळेच. क्षयात टाइप-१ इंटरफेरॉन (अल्फा, बीटा इत्यादी) हे सहसा रुग्णाच्या बाजूचे मानले जात नाही. लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवर आधारित २०१० च्या प्रसिद्ध अभ्यासात सक्रिय क्षयाच्या रक्तचित्रात इंटरफेरॉनने चेतलेल्या जनुकांचा ठसा आढळला होता आणि तो आजाराच्या व्याप्तीबरोबर वाढत होता. मग पुटिकांमुळे वाढलेला इंटरफेरॉन-बीटा उपकारक, आणि एरवीचा अपायकारक, हे कसे? वेळेचा फरक असेल, मात्रेचा असेल, किंवा पुटिकांचा चांगला परिणाम इंटरफेरॉनखेरीज दुसऱ्याच वाटेने होत असेल. सदाफुली यांनी हे उदाहरण घेतले तर हा प्रश्न टाळू नये.

पेशीवाचक:

डॉक्टरसाहेबांचा प्रश्न रास्त आहे. त्याच निबंधात फॅगोसोमच्या (गिळलेला जिवाणू ठेवणाऱ्या कप्प्याच्या) परिपक्वतेला चालना मिळाल्याचेही दाखवले आहे, तेव्हा जिवाणू मरण्याचा संबंध इंटरफेरॉनपेक्षा त्या प्रक्रियेशी अधिक असण्याची शक्यता मोकळी राहते.

शिवाय रोगकारक जीव पुटिकांतील आरएनएचा वापर उलट दिशेनेही करतात. २०१४ मध्ये एडिनबरा येथील गटाने उंदराच्या आतड्यातील एका गोलकृमीच्या एक्झोसोममधील लहान आरएनए यजमानाच्या पेशींत पोहोचतात आणि तेथील जन्मजात प्रतिसाद मंदावतो असे दाखवले, तर २०१६ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या बाह्यपटल-पुटिकांतील टीआरएनएचा एक तुकडा मानवी श्वसनमार्गाच्या पेशींतील इंटरल्युकिन-८ कमी करतो असे आढळले. जागे करणे आणि झोपवणे, दोन्ही कामांसाठी वाहन तेच आहे. सेमिनारमध्ये यावर दोन वाक्ये पुरेत. अधिक गेलात तर विषय हातून निसटेल.

सदाफुली:

सर्वांचे मनापासून आभार. आरएन७एसएल१ हे मुख्य उदाहरण आणि क्षय हे तुलनेसाठी, असे ठरवत आहे. एक शेवटची शंका: पुढील वर्षी प्रकल्पात याचा लहानसा भाग करायची संधी मिळू शकते. आमच्याकडे मानवी टीएचपी-१ आणि उंदराच्या रॉ २६४.७ अशा दोन पेशीमालिका आहेत. यांपैकी कोणती घ्यावी, आणि रिग-आयचाच परिणाम आहे हे कमी खर्चात कसे दाखवावे?

अपकेंद्री:

माणसातील निष्कर्ष काढायचा असेल तर टीएचपी-१ घ्या. मानवी मोनोसाइट-वर्गीय पेशींत टीएलआर-८ प्रमुख असतो. उंदराचा टीएलआर-८ मानवी टीएलआर-८ सारखा वागत नाही आणि तेथे एकपदरी आरएनएचे काम मुख्यतः टीएलआर-७ कडे असते. त्यामुळे रॉ पेशींतील निकाल माणसावर जसाच्या तसा लावता येत नाही. नमुन्यात एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घालून एंडोटॉक्सिनचा संशय दूर करा, आणि पुटिका गोळा करण्याच्या काळात पेशी सीरमविरहित माध्यमात ठेवा. पेशींशिवाय ठेवलेल्या त्याच माध्यमातूनही ‘पुटिका’ काढून त्याही प्रयोगात वापरा. या रिकाम्या नमुन्यानेही टीएनएफ-अल्फा वाढला, तर पुढचे काहीही करण्याआधी माध्यम बदला.

पेशीवाचक:

रिग-आयसाठी स्वस्त आणि जुनी युक्ती आहे. पुटिकांतून आरएनए वेगळा काढा, त्याचे दोन भाग करा, आणि एका भागावर अल्कलाइन फॉस्फेटेजची प्रक्रिया करून ५' टोकाचे फॉस्फेट काढून टाका. मग दोन्ही भाग लिपिड वाहकाच्या मदतीने पेशींत सोडून इंटरफेरॉन-बीटाचा एमआरएनए क्यूपीसीआर या मोजणीच्या पद्धतीने मोजा. फॉस्फेट काढल्यावर प्रतिसाद कोसळला तर बोट रिग-आयकडे जाते. तो तसाच राहिला तर एमडीए-५ किंवा टीएलआरचा विचार करावा लागेल. फक्त हे ध्यानात असू द्या की येथे आरएनए तुम्ही वाहकाने आत सोडलेला असतो. पुटिका स्वतः तो सायटोप्लाझमपर्यंत नेते का, हा प्रश्न या प्रयोगाने सुटत नाही. त्यासाठी माव्ह्स नसलेल्या पेशींवर अखंड पुटिका घालून पाहावे लागेल, आणि टीएचपी-१ च्या अशा पेशी विकत मिळतात.